समुद्रघोड्याची बदली

समुद्रघोड्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पण ते मिळालंच नाही असं धरून चालू या. घरात सगळे तसंच धरून चालतात. सगळे म्हणजे दोघं, तो आणि बायको. बक्षिसाचा काचेचा मासा कपाटावर आहे, भिंतीकडे तोंड करून.

तर बक्षीस मिळालेलं नाही आणि तो पाण्याखाली आहे. आठवडाभर तो बदल्यांच्या विभागात हेडक्लार्क असायचा. सुट्टीच्या दिवशी पाठीवर हवेची टाकी बांधली की फोटोग्राफर. समोर समुद्रघोडा होता. घोडा म्हणायचं आपलं, उंची करंगळीएवढी. समुद्रगवताच्या काडीला शेपटी गुंडाळून तो उभा होता. तपकिरी घोडा, तपकिरी काडी, मागे चहासारखं पाणी. असल्या फोटोला सख्खी आईसुद्धा छान म्हणाली नसती.

पाच हातांवर मात्र लालभडक प्रवाळ पंख्यासारखं पसरलं होतं.

बायको पाठमोरी होती. दर सुट्टीला ती तिथल्या समुद्रघोड्यांची मोजदाद करायची. डोक्यावरच्या तुऱ्यावरून एकेकाला ओळखायची, नावंही ठेवायची. त्याने लोखंडी काडीने घोड्याची शेपटी हळूच सोडवली. घोड्याने आरडाओरडा केला नाही. दोन बोटांत धरून त्याने त्याला लाल पंख्यावर नेऊन ठेवलं. फोटो झकास आले. तो त्याला परत नेऊन ठेवणारच होता, पण टाकीतली हवा संपत आली आणि बायकोने वर चलायची खूण केली. पाच हात तर आहे, तो मनात म्हणाला, रुळेल. ऑफिसात बदलीविरुद्ध रडत येणाऱ्यांनाही तो हेच सांगायचा.

डायव्हिंग क्लबची स्पर्धा त्याच आठवड्यात होती. बक्षिसाच्या गटाचं नाव होतं 'प्राणी आपल्या घरी'. परीक्षकांनी प्राण्याच्या डोळ्यांतल्या विस्मयाचं खास कौतुक केलं.

बायकोने तो फोटो बक्षिसासोबतच पहिल्यांदा पाहिला.

"अरे, हा तर पोटल्या! हा प्रवाळावर काय करतोय?"

"फिरायला गेला असेल."

"पोट बघ त्याचं. दिवस भरलेत." समुद्रघोड्यांत गरोदरपण नवऱ्याकडे असतं. "मला दिवस भरल्यावर कोणी उचलून भरबाजारात नेऊन ठेवलं असतं, तर तू हेच म्हणाला असतास? फिरायला गेली असेल?"

तो बक्षिसाची काच पुसू लागला.

"त्याची बायको रोज सकाळी त्याला भेटायला येते. त्याच काडीवर. मी किती वेळा सांगितलंय तुला?"

"बऱ्याच वेळा."

"आणि तू काय म्हणायचास?"

"गोड आहे म्हणायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाण्यात उतरली. लाल पंख्यावर कोणी नव्हतं. तिथे तपकिरी घोडा ताटात वाढल्यासारखा दिसत असणार, आणि समुद्रात जेवायला कोणी ना कोणी असतंच. तरीही त्याने आजूबाजूचा एकेक दगड धुंडाळला. एका खेकड्याने त्याच्यावर नांगी उगारली. खेकड्याचं बरोबर होतं.

जुन्या काडीवर ती आली होती, पोटल्याची बायको. शेपटीने काडी धरून, रंग उजळवून, नटूनथटून. काडीभोवती एक गिरकी घेऊन ती थांबली. दुसरी गिरकी नवऱ्याने घ्यायची असते. तिने वाट पाहिली. मग ती पुन्हा पहिलीच गिरकी घेऊ लागली.

बायकोने पाण्याखाली लिहायची प्लास्टिकची पाटी त्याच्या हातात दिली. तीवर दोनच शब्द होते: तिला सांग.

त्याने पेन्सिल घेतली. त्याला 'माफ कर' लिहायचं होतं, पण हाताला एकच भाषा येत होती. त्या भाषेतले अर्ज तो नोकरीला लागल्यापासून वाचत आला होता आणि त्यातला एकही त्याने मंजूर होऊ दिला नव्हता. वाळूत गुडघे टेकून त्याने लिहिलं आणि करंगळीएवढ्या त्या बाईसमोर पाटी धरली:

"सदर पतीची बदली निम्नस्वाक्षरीकाराने केवळ स्वतःच्या सोयीसाठी केली आहे. तरी ती पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून, कधी झालीच नव्हती असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."