वीस नगांच्या कडा

लष्कराकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी नगाच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि ते थांबले. पुन्हा फिरवला. मग चष्मा नाकावर खाली ओढून विचारलं, "या कडेची धार कुणी घालवली?"

सम्राटच्या तोंडचं पाणी पळालं. शिरोलीतल्या त्याच्या कारखान्यात तीस वर्षं शेतीपंप बनत होते. सीमेवर लढाई सुरू झाली आणि त्याने वडलांच्या काळचे पंपाचे साचे माळ्यावर टाकून उखळी तोफेच्या गोळ्यांची पोकळ कवचं करायला घेतली. आज नमुन्याचे वीस नग पास झाले तर काम मिळणार. नाही झाले तर चाळीस माणसांना घरी बसवायचं. इतका सरळ मामला होता.

"सगळं मशीनवर झालंय, सर. हात लागतच नाही कुणाचा."

"हात लागलाय," साहेब म्हणाले.

सुपरवायझर प्रसेनजीतने कोपऱ्याकडे बघितलं. त्याच्यामागोमाग सगळ्यांनीच बघितलं. कोपऱ्यात बनाबाई फडक्याने हात पुसत बसली होती. नग पुसायचे, तेल लावायचं आणि खोक्यात ठेवायचे, एवढंच काम तिला दिलं होतं. कानस हातात घ्यायची नाही, असं प्रसेनजीतने तिला तीनदा बजावलं होतं. पण बावीस वर्षं पंपाची एकेक कड कानशीने मोडण्यात, म्हणजे तिची धार घासून घालवण्यात गेलेली. समोर धारदार कड आली की तिचे हात शिवशिवणारच.

"म्या मारलीया कानस," बनाबाई उभी राहिली. "विसाच्या विसाला. चोरी न्हाय केली."

"मावशी, वाईच गप ऱ्हावा की!" प्रसेनजीत कुजबुजला. कोल्हापुरी कुजबूज ती, गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेली असणार.

साहेबांनी टेबलावर ड्रॉइंग पसरलं आणि खालच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथपर्यंत सम्राट कधी पोचलाच नव्हता.

"कड मोडायला हरकत नाही. मोडायलाच हवी, खरं तर. पण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. त्याच्यापुढे केसभर जरी गेली तरी नग भंगारात."

अर्धा मिलिमीटर, तोही हाताने, गोल फिरवून, वीस नगांवर. सम्राट खुर्चीत बसला. प्रसेनजीतने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी खिशातून मापाचं भिंग काढलं. पहिला नग घेतला, चार ठिकाणी बघितला, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळी मशीनं बंद झाली होती आणि माणसं हात बांधून उभी होती. बनाबाईला मापाची धास्ती नव्हती. आपल्या कानशीपायी चाळीस घरांची चूल विझली तर उद्या कुठल्या तोंडाने या माणसांपुढे उभं राहायचं, याची होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

साहेबांनी विसावा नग खाली ठेवला आणि भिंग खिशात घातलं.

"सगळे पॉइंट तीनच्या आसपास," शेवटी ते म्हणाले. "पॉइंट चारच्या वर एकही नाही. मावशी, मोजता कशानं?"

"मोजतंय कोण? अंगठ्याला टोचायचं थांबलं की आपुन बी थांबायचं."

साहेबांनी कागदावर सही केली आणि चाळीस जणांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी शिट्टी मारली. सम्राटने भजी आणि चहा सांगितला आणि वडलांना फोन लावायला तो बाहेर पळाला. साहेबांनी प्रसेनजीतला कामाच्या पायऱ्यांचा तक्ता आणायला लावला आणि शेवटच्या पायरीच्या खाली आणखी एक लिहून घेतली: हाताने कड मोडणे.

"हे काम यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही," ते म्हणाले.

"कुणाला येतंय तवा!" बनाबाई म्हणाली. आनंद तिला लपवता येत नव्हता आणि लपवायचाही नव्हता.

चहा आला. मशीनं पुन्हा सुरू झाली. साहेब कप घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "पण मावशी, नको म्हणून बजावलेलं असताना केलंत का?"

"भ्याव की वो, साहेब! आमच्या पंपाची कड कुणाच्या हाताला लागली की गिऱ्हाईक पंप घिऊनच दारात उभं ऱ्हायचं. एक तर पार गारगोटी गावासनं एस्टीत पंप घालून आलं हुतं. बोटाला चिंधी, आन् तोंडात शिव्या. मालकाला न्हाय, मलाच हुडकत आलं हुतं!"

साहेब खळखळून हसले. आजूबाजूची माणसंही हसली. बनाबाईने पदराने डोळे टिपले आणि मशीनवरून आलेला नवा नग उचलला. अजून गरम होता. तिने तो या हातातून त्या हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"ह्येची कंप्लेंट घिऊन कोण येतंय वो, साहेब?"

साहेबांनी कप टेबलावर ठेवला.

"कोणी येत नाही, मावशी."

"मंग बरं हाय की," बनाबाई म्हणाली आणि तिने कानस उचलली.