वाचून दाखवले, बरोबर आहे

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

विचारायचा म्हणून विचारलेला प्रश्न. बावीस वर्षांत टायपिस्टबाईंनी त्याचं उत्तर इतक्यांदा टाइप केलं होतं, की 'तक्रार नाही'पर्यंत बोटं आधीच पोचलेली असायची.

"आहे," आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस म्हणाला. तो पाट्या रंगवायचा. कोर्टाच्या दारावरची साहेबांच्या नावाची पाटीही त्याच्याच हातची. "दाराच्या फटीत बोटं धरली आणि दार लावलं. आधी डावा हात, मग उजवा. मला परत तिथं पाठवू नका, साहेब. न केलेलंसुद्धा कबूल करून बसेन मी."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. बाईंच्या गुडघ्याची रोज चौकशी करायचे. त्यांनी पोलिसांनी जोडलेला डॉक्टरांचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि नेहमीच्या संथ आवाजात सांगायला सुरुवात केली.

"आरोपीने हात दुखत असल्याचे सांगितले. वैद्यकीय अहवालात गंभीर इजा नाही. चौकशीत किरकोळ अस्वस्थता स्वाभाविक आहे. पोलीस कोठडीत चार दिवसांची वाढ."

इथली रीत सरळ होती. कोणी काहीही बोलो, साहेब सांगतील तेच टाइप करायचं आणि शेवटी आरोपीला मोठ्याने वाचून दाखवायचं. बाई कागद घेऊन उभ्या राहिल्या.

"दाराच्या फटीत बोटं धरली आणि दार लावलं," त्या वाचू लागल्या. "आधी डावा हात, मग उजवा..."

मागे उभ्या असलेल्या फौजदारांनी मोबाइलमधून मान वर काढली. बाईंनी कागदावर पुन्हा नजर टाकली; तेच टाइप झालं होतं. बोटांनी असा दगा कधी दिला नव्हता. पिंजऱ्यातला माणूस त्यांच्याकडे आशेने बघत होता, आणि तेच त्यांना सोसवेना.

"बाई, तो सांगतो ते नाही, मी सांगतो ते लिहायचं," साहेब म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. "आता या वयात शिकवू का तुम्हाला?"

"चुकलं, साहेब."

त्या खाली बसल्या. थोडा वेळ बोटं हलेनात. मग हलली. नवा कागद निघाला, वाचून झाला, सहीसाठी पिंजऱ्याकडे गेला. माणसाने पेन धरायचा प्रयत्न केला. दोनदा ते खाली पडलं.

"अंगठा घ्या," साहेब म्हणाले.

अंगठे शाबूत होते. ठाण्यातली माणसं आपल्या कामात मुरलेली होती. शिपायाने शाई लावून अंगठा दाबून घेतला.

"लिहा बाई, आरोपी निरक्षर असल्याने अंगठा घेतला. वाचून दाखवले, बरोबर आहे."

बाईंनी लिहिलं. या वेळी एकही चूक झाली नाही.

पोलीस त्याला घेऊन निघाले. बाईंचं टेबल दाराशीच होतं. उंबऱ्यात थांबून त्याने सवयीने वर पाटीकडे पाहिलं.

"साहेबांच्या नावाचा रंग उडालाय," तो म्हणाला. "हात बरे झाले की करून देतो."

बाईंनी ऐकलं. साहेबांनी सांगितलं नव्हतं, म्हणून टाइप केलं नाही.