अध्यक्षांच्या फोटोखाली

“शोधायची चौकट वर घेऊ या,” केळुसकर सर संकेतस्थळ समितीच्या पाचव्या बैठकीत पाचव्यांदा पुटपुटले. वाचनालयाच्या नऊ हजार पुस्तकांची यादी त्यांनी दीड वर्ष खपून टाइप केली होती, आणि संकेतस्थळावर पुस्तक शोधायची जागा मात्र पार तळाशी गेली होती.

“अहो सर, वर अध्यक्ष नकोत का? लोक काय म्हणतील?” चिटणीस म्हणाले. मग संकेतस्थळाची वरची पट्टी हिरवी की निळी, यावरून पुन्हा तासभर जुंपली. आपलंच चुकत असेल, असं सरांना वाटलं.

तेवढ्यात अध्यक्षांना उद्याचं भाषण आठवलं. “सर, मधमाश्यांवर काही आहे का आपल्याकडे?”

चौथं कपाट, खालून दुसरा कप्पा. उत्तर सरांच्या ओठांवर आलं होतं. आजवर सगळे त्यांनाच विचारत आणि ते लगेच सांगत. आज त्यांनी ते गिळलं.

“संकेतस्थळावर बघा ना, साहेब.”

अध्यक्ष मोबाइलवर अंगठा सरकवत राहिले. स्वतःचा फोटो गेला, मनोगत गेलं, सत्कार गेले. पुस्तकं काही येईनात.

“अहो चिटणीस,” ते वैतागून म्हणाले, “आधी मला खाली घ्या!”