फाटकाबाहेरचा सामना

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि मैदानाच्या फाटकातून अजून एकही प्रेक्षक आत गेला नव्हता.

"बन्सी, नीट बघ. मागच्या बाजूनं तर कुणी घुसलं नाय ना?" कडूबानं विचारलं.

"एक कुत्रं गेलं दादा. त्याला शपथ घालायची राहूनच गेली," बन्सी म्हणाला.

फाटकासमोरच्या लिंबाखाली बसलेली पन्नासेक माणसं खो खो हसली. कडूबाच्या जिवात जीव आला.

पडेगावच्या फुटबॉल क्लबवर बहिष्कार टाकल्याला आज पाचवा रविवार होता. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी मेंढरं राखणाऱ्या पोरांनी हा क्लब काढला. तेव्हापासून जर्सी पिवळी, खंडोबाच्या भंडाऱ्याची. कडूबानं त्याच पिवळ्या जर्सीत वीस वर्षं गोल राखला होता. पुढं चितेगावच्या पाइप कारखान्याचे मालक तात्यासाहेब यांनी क्लब विकत घेतला, आणि पहिलं काम काय केलं, तर कारखान्याच्या रंगाच्या निळ्या जर्स्या शिवून आणल्या. क्लबचं नाव बदललं असतं तर लोकांनी कुरकुरत का होईना, गिळलं असतं. भंडारा पुसला, ते काही पचलं नाही.

भंडारा उचलून शपथ घ्यायची कल्पना कडूबाचीच. पिवळी जर्सी परत येईपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्याचा धाकटा मुंजाबा याच वर्षी संघात आला होता, आणि बापानं त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. एवढा कट्टर माणूस उभ्या पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. कडूबा मान खाली घालून ऐकून घेई.

गेल्या आठवड्यात तात्यासाहेबांनी माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली. कडूबानं ती उघडलीसुद्धा नाही, सगळ्यांदेखत टराटरा फाडली. आत काय होतं ते मग आणणाऱ्यानंच चाचरत सांगितलं. पुढच्या रांगेत खुर्ची, आणि सामन्यातला सगळ्यात चांगला खेळाडू निवडून त्याला हार घालायचा मान.

"त्या खुर्चीला आग लाव म्हनावं!" कडूबा कडाडला. दुसऱ्या दिवशी पार शहरात, क्रांती चौकातल्या हॉटेलातही त्याचंच नाव निघत होतं.

आज मात्र त्याला धाकधूक होती. हंगामातला शेवटचा सामना. मागं दोघं-चौघं कुजबुजत होते, पोरांचा काय दोष, जाऊ की आत. एक जण उठला असता तर मागोमाग सगळेच उठले असते आणि पाच आठवड्यांवर पाणी पडलं असतं.

भिंतीपलीकडं शिट्टी वाजली.

"लांब मारला," कडूबा म्हणाला. "उजवीकडं गेला. आता मुंजाबाकडं आला. डाव्या पायानं घेतला बघा पोरानं."

"दादा, तुला हितं बसून कसं कळतं?"

"वीस वर्षं जाळीपुढं हुबा व्हतो. बॉलचा आवाज वळखतो मी. पायाच्या बोटांनी मारला की येगळा, आतल्या कडेनं मारला की येगळा."

माणसं सरकत सरकत त्याच्याभोवती गोळा झाली. कुजबुजणारे सगळ्यात पुढं. "गोल!" कडूबा ओरडला, आणि त्यानंतर आतली शिट्टी वाजली. असा जल्लोष झाला की लिंबावरचे कावळे उडाले. आत जायचं कुणाच्या ध्यानीमनीही राहिलं नाही. कडूबाला इतकं हलकं वाटलं की त्यानं आपण होऊन सगळ्यांना चहा सांगितला.

मध्यंतर झालं तसं फाटक करकरलं. खडीवर बूट वाजले. माणसं भराभर उठली.

"बसा, बसा." आवाज तात्यासाहेबांचा होता, पण त्यातला ताठा कुठंतरी गळून पडला होता. "मी भांडायला नाही आलो. रिकाम्या मैदानात एकट्यानं टाळ्या वाजवून बघा कधीतरी. माणूस वेडा होईल."

 कडूबानं आवाजाच्या रोखानं मान वळवली.

"आज पोरं पिवळ्या जर्सीतच उतरलीत," तात्यासाहेब म्हणाले. "भिंतीबाहेर तुम्हाला कसं कळावं! कडूबा, तुमचं खरं झालं. मी हरलो. हे धरा. एवढी एकच उरली. हिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, आता तुमच्या हवाली."

कडूबाच्या हातात कापड आलं. नवंकोरं, अजून दुकानाचा वास येणारं. बोटांना गळ्याची शिवण लागली आणि पाच आठवडे दाबून ठेवलेला हुंदका फुटला. त्यानं ती जर्सी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली.

"आली रं, आपली हळद परत आली!" तो ओरडला. "डोळे भरून बघा, कशी पिवळीजर्द हाय!"

लिंबाखाली एकदम सामसूम झाली. तात्यासाहेब "अहो, पण..." एवढंच म्हणाले आणि थांबले.

कडूबानं जर्सी कपाळावरून खाली घेतली. "काय झालं रं? बन्सी?"

बन्सीची पावलं जवळ आली. बोलला तेव्हा त्याचा आवाज घोगरा होता.

"काय नाय दादा. पिवळीजर्द हाय."

"पिवळीच की," मागून कुणीतरी म्हणालं. मग एकेक करत सगळेच म्हणाले. सगळ्यात शेवटी तात्यासाहेबही.

"चल दादा," बन्सी म्हणाला, "माझा हात धर. तुझ्याशेजारीच बसतो मी."

कडूबानं सुटकेचा श्वास सोडला, एका हातानं बन्सीचा हात धरला, आणि दुसऱ्या हातानं ती निळी जर्सी छातीशी घट्ट कवटाळून तो फाटकाच्या आत गेला.