सोफ्याच्या बाजूचं टेबल

“ह्याला आतून किडीनं खाल्लंय आन वरून पालीस मारलंय,” जमना म्हणाली आणि टेबलाच्या पायात तिने नख खुपसलं. भुसा खाली सांडला.

“आई, अँटिक असंच असतं,” प्रियंका हळू आवाजात म्हणाली.

बोईसरच्या त्या जुन्या सामानाच्या दुकानात सासू-सून सकाळपासून फिरत होत्या. सरावलीच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफा आला होता. आता सोफ्याच्या दोन्ही अंगांना छोटी टेबलं हवी होती, आणि तीही जुनीच. घर नवं, सोफा नवा, टीव्ही भिंतीएवढा नवा, आणि टेबल मात्र कुणाच्या तरी मेलेल्या आजोबांचं! जमनाला हे कोडं उलगडत नव्हतं. संगमरवरी टेबल बघून ती म्हणाली, “पाय हत्तीचे, डोकं चिमणीचं.” वेताचं टेबल बघून म्हणाली, “ह्याला आधी टेकायला खुर्ची द्या.”

मुलगा रूपेश दारात मोबाइल बघत उभा होता. आत यायचं नाव नाही.

खरं तर जमनाचा राग टेबलांवर नव्हताच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पावसाळाभर घरात बसली. मग काठी टेकत पालघरच्या मासळीबाजारात आपल्या विकायच्या जागी गेली, तर तिचा मासे कापायचा ठोकळा तिथे नाही. चिंचेच्या बुंध्याचा ठोकळा, सासूकडून आलेला. बाजारात जागेवर नावाची पाटी नसते. जिचा ठोकळा, तिची जागा. बाई बाळंत होवो, आजारी पडो, ठोकळा तिथेच राहतो आणि दुसरी त्याला बोट लावत नाही. आता तिथे कुणी भलतीच कोळंबीची टोपली मांडून बसली होती. शेजारच्या नवसीला जमनाने भर बाजारात धुऊन काढलं. “जन्मभर माझ्या बाजूला बसलीस, आन माझाच ठोकळा गिळलास?” नवसीने मान खाली घातली. एक शब्द बोलली नाही. चोराला तोंड कुठून येणार, असं म्हणून जमना घरी आली आणि त्या दिवसापासून धुमसत होती.

“आई, हे बघा! कसलं भारी आहे!”

कोपऱ्यात एक बुटकं टेबल होतं. काळ्या लोखंडी पायांवर जाडजूड गोल लाकूड, आरशासारखं चकचकीत. मधे दोन खोलगे. दुकानदार चंद्रभान लगबगीने आला.

“पसंद अच्छी है मॅडम. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातला माल आहे. बहुत पुराना.”

“आणि ह्या रेषा बघा ना, किती सुंदर!” प्रियंका म्हणाली.

जमनाने लाकडावर हात ठेवला. रेषा कसल्या, कोयत्याचे घाव ते. एका खोलग्यातले एका बाजूला कललेले, दुसऱ्यातले उलट्या बाजूला. पहिले सासूच्या उजव्या हाताचे. दुसरे जमनाच्या डाव्या हाताचे. अख्ख्या बाजारात डाव्या हाताने कोयता चालवणारी ती एकटी. म्हणूनच तर सासूने तिला नवसीच्या डाव्या अंगाला बसवलं होतं. दोघींची कोपरं एकमेकींना लागू नयेत म्हणून.

“मुडद्या!” जमना कडाडली. “गोऱ्या सायबाच्या बंगल्यात काय मुशी मासा कापायचे? माझा ठोकळा हाय ह्यो! कोनी विकला तुला? नाव सांग, नायतर पोलिसांना बोलावते.”

रूपेश धावत आत आला. “आई, चल. दुसरं दुकान बघू.”

“तू गप रे! नवसीच ना? बोल, चोरा!”

चंद्रभान तोवर हसत होता. चोर म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. “माताजी, चोर किसको बोलते हो? अपने बेटे से पूछो. यही साहब खुद टेम्पो में रख के लाये थे.”

प्रियंकाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. “रूपेश?”

“गुडघा गेलाय तिचा,” रूपेश फरशीकडे बघत म्हणाला. “आणि सोसायटीत लोक विचारतात, आई काय करते. काय सांगू? मी कमावतो ना आता.”

“मला विचारलंस?” जमना म्हणाली.

“तू नाय म्हणाली असतीस.”

ठोकळ्याला परक्याचा हात लागत नाही, ही रीत जमना नवसीच्या तोंडावर फेकून आली होती. त्याच रीतीचा दुसरा अर्धा भाग तिला आता आठवला. बाई मेली, नाहीतर तिने बाजार सोडला, की ठोकळा घरच्या माणसाने येऊन उचलायचा. म्हणून तर रूपेशला कुणी अडवलं नाही. तो उचलून नेत होता तेव्हा नवसी शेजारीच बसलेली असणार. तिने सगळं पाहिलं होतं. आणि भर बाजारात शिव्या खातानाही जमनाच्या पोराचं नाव तिने ओठावर येऊ दिलं नाही.

जमनाने पदराने लाकूड घासून पाहिलं. पॉलिश निघेना.

“ह्योच घ्यायचा,” ती म्हणाली. “रूप्या, उचल. टेम्पोवाल्याला हात लावू देऊ नको. ज्या हातांनी काढलास, त्याच हातांनी ठेवायचा.”

रूपेशने निमूट टेबल छातीशी धरलं. वजनाने त्याचा श्वास वर-खाली होऊ लागला. प्रियंकाला हायसं वाटलं. सासूचा राग उतरला, टेबलही मिळालं.

“आई, सोफ्याच्या कुठल्या बाजूला ठेवूया? तुम्ही बसता तिकडे?”

जमना काठी टेकत केव्हाच पायरी उतरली होती.

“सोफ्याच्या नाय,” ती मागे न बघता म्हणाली. “नवसीच्या डाव्या बाजूला.”