डिझेलची शिकवणी

"थांब! दिवा विझला का?" उस्तादांनी खिडकीतून ओरडून विचारलं.

"विझतोय."

"विझतोय म्हणजे विझला नाही. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा पूर्ण गेल्याशिवाय किल्ली पुढं फिरवायची नाही. डिझेल गाडी आहे ही, तुझं शिलाई मशीन नाही."

खिडकीखाली अंगणात, गाडीत बसलेल्या बायकोनं मान डोलावली. दिवा गेला, किल्ली फिरली, आणि आधी दोन मालकांच्या हाताखालून गेलेलं ते जुनं इंजिन खोकत खोकत सुरू झालं.

उस्ताद हे त्यांना गॅरेजवाल्यांनी दिलेलं नाव. भाड्याच्या गाड्या चालवण्यात त्यांचा जन्म गेला. गेल्या वर्षी लकवा आला आणि डावी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि तिला उस्तादांनी एक दिवस सुट्टी दिली नाही.

घाटापलीकडच्या शहरात लकव्याचा एक मोठा डॉक्टर होता. त्याच्याकडे उचलून नेलेली माणसं चालत घरी येतात, असं उस्तादांनी ऐकलं होतं. आपणही चालत घरी यावं, एवढ्या एका आशेवर ते दिवस ढकलत होते. पण परक्या ड्रायव्हरच्या हाती आपली गाडी द्यायची नाही हा त्यांचा जुना हट्ट. शेजाऱ्यांपैकी कुणाला सांगावं, तर एकही घर असं नव्हतं जिथं त्यांचं भांडण झालं नव्हतं. उरली बायको. ती क्लासला जाऊन लायसन्स घेऊन आली, तेव्हा ते म्हणाले होते, "झालं! आता यमाला आपला पत्ता शोधावा लागणार नाही."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी तिला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता. एकदा तिनं गाडीचं दार जोरात आपटलं म्हणून तिला भर रस्त्यात उतरवून ते निघून आले होते. ती चालत, पाय सुजवून, अंधार पडताना घरी पोहोचली. हा किस्सा ते अजून हसत हसत सांगत. "पण त्यानंतर दाराचा आवाज म्हणून आला नाही!"

तर आता शिकवणी चालू होती. बायको बॉनेट उघडून उभी राही आणि उस्ताद खुर्चीतून तोंड चालवत.

"धूर काळा आला तर?"

"हवेचा फिल्टर चोंदला."

"निळा?"

"ऑइल जळतंय."

"आणि इंजिन तापल्यावरही पांढरा?"

ती इंजिनात डोकावून उत्तर शोधू लागली.

"पाणी, भवाने, पाणी! इंजिनात पाणी शिरतंय. जागच्या जागी गाडी बंद करायची. तुझ्या डोक्यात भुसा भरलाय नुसता."

ती रागावली नाही. उलट डिझेलच्या फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी कसं काढायचं, ते तिनं स्वतःहून पुन्हा एकदा करून दाखवलं. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर तळाचा गाळ वर येतो. लांब पल्ल्यानंतर इंजिन लगेच बंद करायचं नाही. चढ दिसला की गिअर आधीच उतरवायचा. सगळं तिला पाठ होत गेलं.

एका संध्याकाळी हात पुसता पुसता तिनं विचारलं, "अहो, घाटात डिझेलच्या पाइपात हवा धरली आणि गाडी बंद पडली, तर?"

"मी असेन की शेजारी. सांगेन."

"तरी सांगून ठेवा."

उस्तादांना बरं वाटलं. बाई मनावर घेतेय. त्यांनी डिझेलच्या फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून हवा कशी बाहेर काढायची ते सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी एकही शिवी दिली नाही.

मग तिनं स्वयंपाकघरातून फोन करून वेळ ठरवली. वय, आजार, कोणती गोळी कधी, एकट्याला उठता येत नाही, बोलतात मात्र खूप, असं सगळं ती पलीकडच्या माणसाला नीट सांगत होती. आपली इतकी काळजी तिनं पूर्वी कधी केली नव्हती, असं उस्तादांना वाटून गेलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं त्यांची दाढी केली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, कपड्यांची आणि औषधांची पिशवी खुर्चीपाशी ठेवली. तिची बॅग आधीच गाडीत गेली होती.

"गार इंजिनावर एकदम ओझं टाकायचं नाही," उस्ताद म्हणाले. "आधी एक चक्कर मारून ये."

"तेच करते," ती म्हणाली, आणि दार नुसतं लोटून गेली.

दिवा विझेपर्यंत ती थांबली असणार, कारण पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. फाटकातून बाहेर पडली. दुसरा गिअर, तिसरा, कुठंही खरखर नाही. "वा रे पठ्ठी!" उस्ताद एकटेच म्हणाले. आवाज मोठ्या रस्त्याला लागला आणि विरून गेला. त्यांचा ऊर भरून आला. दगडाला शिकवलं होतं त्यांनी.

बऱ्याच वेळानं फाटकाशी गाडी थांबली. पण हे इंजिन त्यांचं नव्हतं. पेट्रोलचं, आणि एक प्लग मेलेला. असली गाडी ठेवणाऱ्याला फटके दिले पाहिजेत, असं मनात म्हणेपर्यंत दोन माणसं चाकांची खुर्ची ढकलत आत आली.

"चला काका," त्यातला थोराड माणूस म्हणाला. "निराधार आश्रमातून आलोय आम्ही."

"घर चुकलं तुमचं," उस्ताद हसले. "आम्हाला डॉक्टरकडे जायचंय. बायको गाडी गरम करायला गेलीय, येईलच आता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोराड माणूस त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलू लागला.

"माहीत आहे काका. शेजारच्या बाईंनी फोनवर सगळं सांगितलंय आम्हाला. की तुम्हाला मागंपुढं कुणी नाही, आणि बायको वारून इतकी वर्षं झाली, तरी ती आता गाडी घेऊन येईल असं तुम्ही रोज म्हणता."