पुराचे धान

सकाळ वैनगंगेच्या पात्रावरून हळूहळू वर येत होती. उन्हाने आधी काठावरची बाभूळ उजळली, मग केंद्राच्या पायरीवर ते थोडे रेंगाळले, आणि खिडकीच्या गजांतून आत येऊन टेबलावरच्या परातीत उतरले. परातीत ओले गोणपाट होते. उजेड त्यावर रोजच्यासारखाच, काही न विचारता, पडून राहिला.

घनश्यामने गोणपाटाची घडी उलगडली. धानाचे दाणे काल होते तसेच होते. एकालाही कोंब नव्हता. त्याने पुन्हा पाणी शिंपडले. बी झोपले आहे, उशिरा जागे होईल, असे तो रोज स्वतःला सांगे.

कारध्याजवळच्या या लहानशा भात केंद्रात तो गावोगावचे जुने वाण गोळा करी. समुद्रापलीकडच्या एका बीजपेढीशी केंद्राचा करार होता. प्रत्येक वाणाचे निम्मे बी तिकडे जाई, निम्मे इथल्या थंड खोलीत राही. खोलीचे यंत्रही तिकडूनच आलेले. गेल्या उन्हाळ्यात ते बंद पडले, आणि त्याचा सुटा भाग येईपर्यंत खोली भट्टीसारखी तापत राहिली.

रंभाबाई दाराशी चपला काढून आत आली. नदीला लागून तिची बांधी, म्हणजे धानाचे शेत. तिथे पूर्वी पुराचे धान होई. पाणी चढे तसे तेही वाढे आणि डोके वर ठेवी. मग बुटके नवे वाण आले, पीक वाढले, आणि एकोणऐंशी साली तिने जुने बी शेवटच्या मुठीपर्यंत घनश्यामच्या ओंजळीत घातले. देताना त्याला नदीच्या पाण्यात उभे करून वदवून घेतले, की हे बी समुद्र ओलांडणार नाही. परक्या मुलखात गेलेली लक्ष्मी माघारी येत नाही, असे तिचे म्हणणे. त्यानंतर लागोपाठ दोन पुरांत बुटके धान कुजून गेले, म्हणून तिला जुने बी परत हवे होते; परातीत तेच भिजत होते.

"आणखी दोन दिवस बघू, काकी," घनश्याम म्हणाला.

"दोन दिवस, दोन दिवस. माह्या सुनेचं बाळंतपण होऊन गेलं, तुह्या धानाले कोंब येऊन नाई राह्यला."

त्याला हसू आले नाही. तिलाही आले नाही. ती जमिनीवर टेकली आणि पदराने मान पुसली. मग आवाज उतरवून म्हणाली,

"खरं सांग, बाबू. म्या शपथ घातली होती, पर तू शिकलेला मानूस. माह्या माघारी तू थे बी तिकडे धाडलंच असशीन ना? मी रागावत नाई. धाडलं म्हन."

ऊन टेबलावरून उतरून तिच्या पायांपाशी आले होते. घनश्यामने हातातला तांब्या खाली ठेवला.

त्याने शब्द पाळला होता. आणि परातीतले बी मेलेले होते.